निलगिरीच्या भट्टीवर: पाल्यातलं तेल बाटलीत येतं कसं

मराठीत आपण झाडालाच निलगिरी म्हणतो. शाळेच्या कंपाउंडला लावलेली निलगिरी, बांधावरची निलगिरी, आणि सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब टाकायची ती पण निलगिरीच. खरं तर ते नाव डोंगराचं, तामिळनाडूतल्या उटी-कुन्नूरच्या डोंगरांचं. त्या डोंगरात राहणारी माणसं मात्र या झाडाला निलगिरी म्हणत नाहीत, ती म्हणतात तैल मरम, म्हणजे तेलाचं झाड, नाहीतर कर्पूर मरम, म्हणजे कापराचं झाड. आपल्याकडे तेल आलं त्या डोंगरावरून, म्हणून आपण झाडाला डोंगराचं नाव दिलं, आणि ज्यांच्या दारात झाड होतं त्यांनी त्यातून काय निघतं ते बघून नाव दिलं.

जानेवारीत आईला घेऊन उटीला गेले होते. आईला बोटिंग, गार्डन वगैरेत फारसा रस नव्हता. तिच्या पर्समध्ये गेली तीस-पस्तीस वर्षं निलगिरीची बाटली असते, त्यामुळे तिचं एकच म्हणणं, "अगं, दुकानातल्या बाटल्या काय पुण्यात पण मिळतात, ते तेल काढतात कसं ते दाखव मला." आमचे ड्रायव्हर अण्णा त्याच भागातले, त्यांनी एका ओळखीच्या भट्टीवर नेलं, उटीहून मंजूरकडे जाणारा रस्ता सोडून आत, चहाचे मळे संपतात तिथे. तिथे जे दोन-तीन तास बघितलं आणि विचारून विचारून समजून घेतलं ते लिहितेय, कारण या तेलाबद्दल घराघरात इतकं काय काय बोललं जातं पण ते बाटलीत येतं कसं हे बहुतेकांनी बघितलेलं नसतं, आणि ते एकदा कळलं की ते वापरायचं कसं हेही आपोआप नीट कळतं असं मला मनापासून वाटतं.

भट्टी म्हणजे ओढ्याच्या कडेला एक पत्र्याची शेड. आत विटांची मोठी चूल, तिच्यावर तांब्याचा हंडा, आत माणूस उभा राहील एवढा. हंड्याच्या झाकणातून एक जाड नळी निघते, ती शेजारच्या पाण्याच्या टाकीतून वळसे घेत जाते आणि पलीकडे एका डब्यात सुटते. बस्स, एवढंच. एकही मीटर नाही, मोटर नाही, थर्मामीटर नाही. शेडबाहेर पाल्याचा ढीग, जवळजवळ छपरापर्यंत. गाडीचं दार उघडल्या उघडल्या वास आला, आणि दहा मिनिटं आत उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी.

पाला हा झाड तोडून आणलेला नसतो. बायका जंगलात आणि मळ्यांच्या कडेला गळून पडलेली पानं गोळा करून पोत्यात भरून आणतात, किलोवर पैसे मिळतात. इथली निलगिरी म्हणजे ब्लू गम, मूळची ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया-व्हिक्टोरिया भागातली. त्याचं कोवळं पान आणि जून पान इतकं वेगळं असतं की दोन झाडांची वाटावीत. कोवळं पान गोलसर, निळसर राखाडी, बोट फिरवलं तर मेणासारखं लागतं, आणि जून पान विळ्यासारखं लांब, वाकडं, खाली लोंबणारं. भट्टीवाल्या काकांनी एक हिरवं पान उचलून आईच्या हातात दिलं आणि आभाळाकडे धरायला सांगितलं. बघा कधीतरी असं धरून. पानभर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. ते भोक नसतं, ती तेलाची पिशवी असते, प्रत्येक ठिपक्यात तेलाचा एक कणभर थेंब बंद करून ठेवलेला. पान चुरगाळलं की या पिशव्या फुटतात म्हणून वास येतो. भट्टीचं सगळं काम म्हणजे या पिशव्यांमधलं तेल न जाळता बाहेर काढणं.

हंडा भरताना एक पोरगा आत उतरला आणि वरून पडणारा पाला पायांनी तुडवत गोल गोल फिरत राहिला. आईला वाटलं जास्त पाला मावावा म्हणून. ते आहेच, पण खरं कारण वेगळं. पाला सैल राहिला तर वाफ पोकळ जागा शोधून तिथूनच वर निघून जाते आणि बाकीचा पाला तसाच कोरडा राहतो. सगळीकडे सारखा दाबून भरला की वाफेला प्रत्येक पानाला चाटूनच वर यावं लागतं. एका घाण्याला साधारण चारशे किलो पाला. मग पाणी सोडलं, झाकण बसवलं आणि झाकणाची फट ओल्या मातीने लिंपून टाकली, आपल्याकडे चुलीला पोतेरं करतात तितक्या सराईतपणे.

आता खरी गोष्ट, जी मला तिथे उभं राहून पहिल्यांदा नीट समजली. निलगिरीच्या तेलातला मुख्य पदार्थ सिनिओल. नुसतं सिनिओल तापवलं तर ते उकळायला १७६ डिग्री लागतात. आणि उटी समुद्रसपाटीपासून २२४० मीटरवर, तिथे हवेचा दाब आपल्या मुंबईच्या जेमतेम पाऊणपट, त्यामुळे पाणी १०० ला नाही तर ९२-९३ डिग्रीलाच उकळतं (म्हणूनच तिकडे कुकरशिवाय डाळ शिजत नाही). पाणी उकळायला लागलं की कितीही जाळ घाला, ते जास्त तापत नाही, नुसती वाफ वाढते. म्हणजे त्या हंड्यात ९२-९३ च्या वर काही जाणारच नाही. मग १७६ ला उकळणारं तेल बाहेर येतं कसं?

उकळणं म्हणजे काय ते आधी बघू. प्रत्येक द्रवातून त्याचे रेणू सतत वर उडायला बघत असतात आणि वरून हवा त्यांना दाबून धरते. तापमान वाढेल तसा आतून येणारा रेटा वाढतो, आणि ज्या क्षणी तो वरच्या हवेच्या दाबाइतका होतो त्या क्षणी द्रव उकळतो. आता हंड्यात पाणी आणि तेल दोन्ही आहेत आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळत नाहीत हाच सगळा मुद्दा आहे. मिसळली असती तर एकमेकांच्या वाटेत आली असती, दोघांचाही रेटा कमी झाला असता. न मिसळल्यामुळे पाणी आपल्या पूर्ण ताकदीने रेटतं, तेल आपल्या पूर्ण ताकदीने रेटतं, आणि वरच्या हवेला दोघांच्या रेट्याची बेरीज सोसावी लागते. चिखलात रुतलेली जीप एकट्याने हलत नाही पण दुसऱ्याने नुसता हात लावला तरी सुटते ना, तसं. पाण्याचा रेटा जवळजवळ पुरेसा झालेलाच असतो, तेलाने थोडीशी भर घातली की दोघंही एकदम उकळतात, आणि तेही नुसतं पाणी ज्या तापमानाला उकळलं असतं त्याच्या किंचित आधीच. म्हणजे १७६ डिग्रीचं तेल ९२ च्या आतच वाफ होऊन वर येतं.

मग तेलाचा वाटा अगदीच कमी येत असेल असं वाटेल. रेणूंची संख्या मोजली तर कमीच येतो. पण सिनिओलचा एक रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा साडेआठ पट जड (१५४ आणि १८ असा हिशोब), त्यामुळे थोडे रेणू आले तरी वजनाने तेल बऱ्यापैकी येतं. प्रत्यक्षात मात्र हिशोबापेक्षा कमीच येतं, कारण तेल आधी पानाच्या पिशवीतून झिरपून बाहेर यायला हवं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून घाणा चार-चार तास चालतो.

आणि हे सगळं एवढ्यासाठी की सुगंधी पदार्थ नाजूक असतात. थेट जाळावर १७६ पर्यंत तापवले तर करपतात, मोडतात, वास बिघडतो. पाणी त्यांना वरही आणतं आणि जास्त तापूही देत नाही. माणसाने ही युक्ती शेकडो वर्षांपूर्वी शोधली, रेणू वगैरे काही माहीत नसताना, नुसतं बघून आणि करून. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आता नळीकडे. वाफ नळीतून जाते, नळी गार पाण्यातून जाते, वाफेचं परत पाणी आणि तेल होतं. दिसायला सोपं, पण भट्टी ओढ्याकाठीच का असते याचं उत्तर इथे आहे. वाफेत उष्णता प्रचंड साठलेली असते. एक किलो वाफेचं पाणी करून ते गार करायचं तर साधारण ३० लिटर गार पाणी वीस डिग्रीने तापतं. म्हणजे ओढ्याचं पाणी टाकीत सतत येत आणि तापून बाहेर पडत राहिलं पाहिजे. एका बाजूला हात घातला तर बोटं बधिर होतील इतकं गार, दुसऱ्या बाजूला अंघोळीचं पाणी. टाकी तापली की वाफ नळीच्या तोंडातून तशीच उडून जाते, आणि काका म्हणाले (अण्णांच्या तोडक्यामोडक्या हिंदीतून) की शेडमध्ये वास जास्त यायला लागला तर समजायचं पैसे उडून चालले, पाणी वाढवा. त्यांचं मीटर म्हणजे त्यांचं नाक.

नळीच्या तोंडाशी बारीक धार, गढूळ, दुधाळ. ती डब्यात पडते आणि पाचेक मिनिटांत आपोआप दोन थर होतात. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर भरलं तर साधारण ९१०-९२० ग्रॅम, म्हणून वर तरंगतं. डब्याच्या तळाशी एक वाकडी नळी, तिच्यातून पाणी निघून जातं आणि वर फिकट पिवळ्या तेलाचा थर जाड होत जातो. आई त्या डब्यावर इतकी वाकली की मला तिचा पदर धरावा लागला. ज्यांनी गोव्यात किंवा सिंधुदुर्गात काजूची भट्टी बघितलीय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, हंडा, नळी, गार पाणी, सगळं तेच. फरक एकच आणि मोठा. दारू पाण्यात मिसळते त्यामुळे तिथे धार कधी तोडायची, पुन्हा किती वेळा गाळायची हे कसब. इथे पाणी आणि तेल स्वतःच वेगळं होतं. आणि सगळीच तेलं तरंगतात असंही नाही. दालचिनीच्या पानांचं तेल पाण्यापेक्षा जड, त्यात युजेनॉल भरपूर, लवंगेत असतं तेच. ते तळाशी बसतं, म्हणून तिथे डबाच उलटा विचार करून बनवावा लागतो. कोकणात आता दालचिनी लावणारे बरेच आहेत (दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' जात माहीत असेल), साल काढून झाल्यावर त्यांच्याकडे पाल्याचा ढीग उरतो, त्या पाल्यात तेल आहे हे त्यांनी लक्षात ठेवावं.

चंदनाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. तिथे तेल पानात नाही तर लाकडाच्या गाभ्यात आणि मुळात, त्यामुळे झाड मुळासकट काढावंच लागतं, लाकूड दळून बारीक करावं लागतं, आणि ते तेल इतकं जड की वाफेबरोबर अगदी सावकाश येतं, घाणा कित्येक दिवस चालू शकतो. म्हैसूर संस्थानाने १९१६-१७ मध्ये बेंगळुरू आणि म्हैसूरला कारखाने काढले ते यासाठीच, हे काम ओढ्याकाठच्या शेडचं नाही. निलगिरीला तसं नाही, गळलेल्या पानावर भागतं.

आईने मग तो प्रश्न विचारला जो मलाही पडला होता. "आमच्या बांधावर पण होत्या की निलगिऱ्या, ओळीने, मग तेव्हा कुणी तेल का नाही काढलं?" कारण ती ही नाहीच. ब्लू गमला थंड हवा लागते, उंच डोंगर लागतो. महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाच्या काळात बांधाबांधावर लागल्या त्या बहुतेक म्हैसूर गम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या, त्या बल्ली आणि कागदाच्या लगद्यासाठी. त्यांच्या पानात तेल कमी, आणि सिनिओलचं प्रमाण पण ब्लू गमसारखं नाही. औषधी दर्जाच्या तेलात सिनिओल निदान ७० टक्के असावं लागतं. अजून एक जात आहे तिचा वास चक्क लिंबासारखा येतो, तिच्यात सिनिओल नसल्यातच जमा, सिट्रोनेलाल असतं, ती डासांच्या औषधात आणि साबणात जाते. म्हणजे निलगिरीचं तेल एवढंच म्हणून भागत नाही, कुठल्या निलगिरीचं हे विचारायला हवं.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही झाडं त्या डोंगराची नाहीत. इंग्रजांनी ती १८४३ च्या सुमारास आणली, तेलासाठी नाही तर सरपणासाठी, कारण छावण्या आणि बंगल्यांच्या शेकोट्यांसाठी तिथली मूळची शोला जंगलं भराभर तुटत होती. मग गवताळ टेकड्यांवर ब्लू गम लावत गेले. ते गवत म्हणजे डोंगराचा स्पंज, पाऊस धरून ठेवतं आणि वर्षभर ओढ्यांना सोडतं. उटीजवळ ग्लेनमॉर्गनला शास्त्रज्ञांनी दोन शेजारशेजारची पाणलोट क्षेत्रं घेतली, एकात गवत तसंच ठेवलं, दुसऱ्यात ब्लू गम लावलं, आणि पहिल्या दहा वर्षांत निलगिरीच्या बाजूचं पाणी १६ टक्क्यांनी घटलं. भट्टीला लागणारा ओढा तोच की. काकांना हे सांगायला मला जीव झाला नाही, त्यांचं घर त्यावर चालतं, आणि ते झाडं लावत नाहीत, पडलेली पानं उचलतात. पण नवीन लागवड नको आणि गवत परत यावं असं माझं स्पष्ट मत आहे, आहेत त्या झाडांचा पाला अजून कित्येक वर्षं पुरेल.

आता बाटलीचा हिशोब. शंभर किलो पाल्यातून साधारण किलोभर तेल. म्हणजे चारशे किलोच्या घाण्यातून चार-साडेचार लिटर. आपण घेतो ती ३० मिलीची बाटली म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास पाला, मोठी पिशवी भरून. ते एवढ्याशा बाटलीत आवळून बसलेलं असतं. इसेन्शियल ऑइल या शब्दाने पण घोळ होतो, लोकांना वाटतं इसेन्शियल म्हणजे शरीराला आवश्यक. तसं नाही, इथे त्याचा अर्थ अर्क, झाडाचं सार. अर्क म्हटलं की आपला हात आपोआप जपून चालतो.

हे मी इतकं सांगते कारण आमच्या घरात होऊन गेलंय. माझा भाचा दोन वर्षांचा असताना खाली ठेवलेली बाटली त्याने तोंडाला लावली. पाव चमचा गेला असेल. अर्ध्या तासात पोरगं पेंगायला लागलं, हाक मारली तरी डोळे उघडेना. शेजारच्या आजी म्हणत होत्या मीठपाणी पाजून ओकारी काढा, ताईने ऐकलं नाही आणि थेट हॉस्पिटल गाठलं, ते फार बरं केलं. उलटी काढली तर हे तेल फुप्फुसात जायची भीती असते. रात्रभर ठेवून घेतलं, बरा झाला. पण लहान मुलाच्या पोटात चमचाभर तेल गेलं तरी झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. म्हणून पोटात कधीच नाही, मधातून नाही, साखरेवर थेंब टाकून नाही. तान्ह्या बाळांच्या नाकाला, छातीला, चेहऱ्याला लावू नका, कापूर मिसळून तर मुळीच नाही. मोठ्यांनी अंगाला लावायचं तर चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब, नुसतं नाही. वाफ घेताना लहान मुलाला उकळत्या पाण्याच्या पातेल्यापाशी बसवू नका, त्यात भाजल्याच्या घटना फार होतात. आणि गॅसजवळ बाटली ठेवू नका, हे पेट घेतं, भट्टीवर चुलीपासून तेलाचा डबा लांब भिंतीपलीकडे ठेवलेला होता तो उगाच नाही.

निघताना काकांकडून आईने एक बाटली घेतली. आदल्या दिवशी बाजारातल्या एका दुकानातून पण एक घेतली होती, हिरवीगार, 'एकदम प्युअर' म्हणून दिलेली. खरं तेल असं हिरवंगार नसतं, भट्टीचं ताजं पिवळसर आणि पुन्हा शुद्ध केलेलं पाण्यासारखं. काकांनी बाटली बघितली, काही बोलले नाहीत, नुसती एक परीक्षा सांगितली. कागदावर एक थेंब टाकायचा आणि रात्रभर ठेवायचा. उडून जाणारं तेल असेल तर जवळजवळ काही उरत नाही. खाण्याचं किंवा खनिज तेल मिसळलेलं असेल तर तेलकट डाग राहतो. टर्पेंटाइन मिसळलेलं यात कळत नाही, कारण ते पण उडून जातं, पण निम्मी फसवणूक तरी कळते.

रात्री रूमवर आईने पेपरच्या कोऱ्या कडेवर दोन थेंब टाकले, एकाखाली पेनने 'दु' लिहिलं, एकाखाली 'भ'. सकाळी चहाच्या आधी उठून बघायला गेली. 'भ' च्या वर काही नव्हतं, वास पण जेमतेम. 'दु' च्या वर रुपयाएवढा पारदर्शक गोल, उजेडाला धरलं तर पलीकडची अक्षरं दिसत होती. आईने हिरवी बाटली बाजूला काढली, स्टिकरचा गम काढायला होईल म्हणाली. दुसरीवर पांढरी पट्टी चिकटवली, तारीख घातली, 'पोटात घेऊ नये' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि घरी आल्यावर ती कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवली, जिथे भाच्याचा हात अजून चार-पाच वर्षं पोचणार नाही.